खोकल्याची बाटली उघडण्याआधी: छिंदवाड्याचा धडा आपल्या घरात पोचला का?

थंडी पडली की आपल्या गावात रात्रीचे दोनच आवाज. एक शेतातल्या मोटारीचा, दुसरा लेकरांच्या खोकल्याचा. मोटारीची लाइन कधी येते याचा टाइमटेबल आपल्याला पाठ असतो. लेकराच्या खोकल्याचा मात्र एकच उपाय पाठ: मेडिकलमधून बाटली आणा.

मागल्या आठवड्यात आमच्याच घरी हे झालं. पुतण्याचा पोरगा, वय दोन वर्षं. रात्री खोकून खोकून जागा. आईनं फळीवरची अर्धी बाटली काढली आन् चमच्यात ओतायला लागली. मी बाटली हातात घेतली तर लेबल तेलकट होऊन पुसलेलं, तारीख दिसत नाही. "अरे, तूच तर आणली होती मागच्या साली मोठ्या पोरीसाठी," आई म्हणाली. खरं होतं. बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊन "खोकल्याचं द्या एखादं" म्हणून मीच आणली होती. चिठ्ठी नाही, बिल नाही. बातम्या लिहिणाऱ्याच्या घरची ही गत, तर बाकीच्यांना काय सांगायचं?

आता छिंदवाड्याची गोष्ट. सावनेरवरून जो रस्ता मध्यप्रदेशात जातो, त्याच रस्त्यावरचा हा जिल्हा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या परासिया भागात लहान मुलांना साधा सर्दी-ताप झाला. कोल्ड्रिफ नावाचं सिरप दिलं. थोड्या दिवसांत उलट्या सुरू झाल्या, लघवी बंद झाली, किडन्या गेल्या. कितीतरी लेकरं उपचारासाठी नागपूरला आणली होती. वीसपेक्षा जास्त मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली.

हे सिरप तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलं होतं. तिथल्या औषध विभागानं एसआर-१३ या बॅचची तपासणी केली, तर त्यात ४८.६ टक्के डायथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं किती? ०.१ टक्का. म्हणजे बाटलीत जवळपास अर्धं विषच. पुढे त्या कंपनीचा परवाना रद्द झाला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ऑक्टोबरमध्ये ही बॅच वापरू नका म्हणून इशारा काढला.

हे विष औषधात येतं कसं? सिरप पातळ आन् गोड ठेवायला ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल असे पदार्थ घालतात. औषधासाठीचा शुद्ध माल महाग, कारखान्यातल्या कामाचा माल स्वस्त. स्वस्त मालात डायथिलीन ग्लायकॉलची भेसळ असू शकते. तेही रंग नसलेलं, चवीला गोड. जिभेला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. फक्त प्रयोगशाळेत कळतं. म्हणून कच्चा माल आन् प्रत्येक बॅच तपासणं कंपनीवर बंधनकारक आहे. ती तपासणी कागदावर राहिली की किंमत लेकरं मोजतात.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते. त्यावर लेंटिन आयोग बसला होता. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात मुलं दगावल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपबद्दल इशारा दिला होता. चाळीस वर्षांत तेच विष पुन्हा पुन्हा येत असेल, तर चूक एका कंपनीपुरती धरता येत नाही. तपासणाऱ्या यंत्रणेनंही जाब दिला पाहिजे.

आता आपल्या हातातलं बघू. भेसळ नसली तरी लहान मुलांना हे सिरप लागतं का? केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ३ ऑक्टोबर २०२५ ला साफ सांगितलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा नकोच. कारण साधं आहे. मुलांचा बहुतेक खोकला विषाणूचा असतो, आपोआप बरा होतो. सिरपने तो लवकर जात नाही, उलट गुंगी येणं, धडधड होणं असे त्रास होऊ शकतात.

मग करायचं काय? अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध चालूच ठेवा, थोडं थोडं, वारंवार. मोठ्याला कोमट पाणी, वरणाचं पाणी द्या. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात, ते नाकात टाका. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो. एक वर्षाच्या आत मध बोटभरही नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात जातं. दोन वर्षांखाली कापराचा बाम नको. लेकराजवळ उकळत्या पाण्याचं भगोनं घेऊन वाफ देऊ नका, भाजतं. चुलीचा धूर, बिडी आन् धुरी यापासून लेकरू लांब ठेवा.

दवाखान्यात कधी न्यायचं? मोबाइलवर एक मिनिट लावा आन् लेकरू शांत असताना पोट किती वेळा वरखाली होतं ते मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर उशीर करू नका. श्वास घेताना छाती आत ओढली जाते, दूध-पाणी घेत नाही, झटका आला, सुस्त पडलं, ओठ निळे झाले, तर १०८ ला फोन करा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तरी तपासणी करा. औषध दिल्यावर उलट्या होतात, लघवी कमी झाली असं दिसलं, तर औषध बंद करून बाटलीसकट दवाखान्यात जा.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलंच, तर बिल घ्या. बॅच नंबर आन् तारीख बघा, मोबाइलवर बाटलीचा फोटो काढून ठेवा. मात्रा त्यांच्यासोबतच्या मापानं द्या, घरच्या चमच्यानं नाही. एका लेकराचं औषध दुसऱ्याला नाही. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे: १८०० २२२ ३६५.

कंपनी तपासणं सरकारचं काम आहे, आन् ते त्यांच्याकडून करून घ्यावंच लागेल. आपल्या तालुक्यातल्या दुकानांतून किती सिरपचे नमुने घेतले, त्याचे निकाल काय आले, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे. पण घरातली फळी तपासायला कोणी इन्स्पेक्टर येणार नाही. आमच्या घरची बाटली त्या रात्रीच बाजूला काढली. लेकराला मध-कोमट पाणी दिलं, आशाताईनं सकाळी येऊन श्वास मोजला, ठीक निघाला. पाच-सहा दिवसांत खोकला गेला.

आज रात्री तुमचीही फळी एकदा बघा.