५० केबीच्या फोटोसाठी उमेदवाराला वेठीस का धरता?

अर्जाची शेवटची तारीख, रात्रीचे अकरा. शुल्काचे पान आता येईलच, तोच लाल अक्षरे उमटतात : फोटोचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे. काटोल, उमरेडकडून नागपुरात अभ्यासाला आलेल्या मुलामुलींना हे नवे नाही. सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाट्या दिसतात. तिथल्या कामाचा मोठा भाग म्हणजे फोटो नि सही लहान करणे.

बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचे माप अनेकांना पाठ असते. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. खिशातल्या मोबाइलचा साधा फोटो मात्र तीन-चार एमबीचा, म्हणजे ५० केबीच्या साठ ते ऐंशी पट. हे अंतर उमेदवारानेच का कापायचे?

सर्व्हरला जड काय जाते?

विदर्भातल्या घरांत उन्हाळ्यात कुरडया घालतात. वाळलेल्या कुरडया एका डब्यात ढीगभर मावतात. पण कढईत टाकली की एकच कुरडई कढई भरून टाकते. जेपीईजी फोटोचे तसेच आहे. मोबाइलमध्ये तो दाबून, आटवून ठेवलेला असतो. त्याचा आकार बदलायचा तर सर्व्हरला तो आधी पूर्ण उलगडावा लागतो. उलगडला की किती एमबीची फाइल होती याला अर्थ उरत नाही, किती ठिपके आहेत एवढेच महत्त्वाचे.

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, अर्थात १ कोटी २० लाख ठिपके. पीएचपी या भाषेतली नेहमीची चित्र-व्यवस्था एका ठिपक्याला ४ बाइट लावते. झाले ४८ एमबी. फोटो फिरवून सरळ करायचा तर आणखी एक पूर्ण प्रत लागते, म्हणजे ९६ एमबी. पीएचपीत एका कामाला मिळणारी मेमरी, कोणी बदलली नसेल तर, १२८ एमबी. इथवर कसेबसे निभते. पण ५० मेगापिक्सेलचा फोटो उलगडतानाच २०० एमबी मागतो. काम अर्ध्यात तुटते आणि उमेदवाराला कोरे पान दिसते.

मर्यादा काढून टाका, असे कोणी म्हणेल. ते चूकच ठरेल. शेवटच्या रात्री असे दहा फोटो एका वेळी आले तर २ जीबी मेमरी त्यातच गेली. अख्खे संकेतस्थळ झोपायला आणखी काही लागत नाही. मर्यादा हवीच. ती चुकीच्या जागी लावली आहे, हे दुखणे.

केबीची अट कुणाला वाचवते?

अट केबीत घातल्याने साठवणूक वाचते आणि फाइल चढवायला वेळ कमी लागतो, हे मान्य. मेमरीचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही. एकाच रंगाचे अवाढव्य चित्र दाबून अगदी लहान फाइलमध्ये बसवता येते. खोडसाळपणे कोणी ते चढवले तर केबीची चाळणी ते खुशाल आत सोडते आणि उलगडताना सर्व्हर आडवा होतो. चित्राची लांबी-रुंदी फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेली असते. चित्र न उलगडता ती वाचता येते. पहिली तपासणी तिथे हवी.

दुसरा उपाय जेपीईजीच्या रचनेतच आहे. हा फोटो उलगडतानाच निम्म्या, पाव किंवा एक अष्टमांश मापात उघडता येतो. ८१६० गुणिले ६१२० ठिपक्यांचा तोच ५० मेगापिक्सेलचा फोटो अष्टमांशात उघडला तर १०२० गुणिले ७६५ होतो. उलगडलेल्या चित्राला जागा लागते जेमतेम ३ एमबी, २०० नव्हे! आयबीपीएसने सुचवलेले माप २०० गुणिले २३० ठिपक्यांचे आहे. त्याला हे पुरून उरते. ही सोय नवी नाही, महागही नाही. तिसरा मार्ग याहून सोपा : फोटो मोबाइलच्या ब्राउझरमध्येच लहान करून मग पाठवायचा. सर्व्हरचा भार गेला, उमेदवाराचा डेटाही वाचला.

हे होत नाही तोवर मुले काय करतात? ‘फोटो ५० केबी करा’ असे शोधून समोर येईल त्या अनोळखी संकेतस्थळावर आपला चेहरा आणि आपली सही, दोन्ही चढवतात. त्या फाइल तिथून पुसल्या जातात की राहतात, हे मुलांना कळायला मार्ग नाही. सायबर कॅफेच्या संगणकावर तर त्या डेस्कटॉपवरच पडून राहू शकतात. सही जपा, असे एकीकडे सांगायचे आणि अर्जाची रचना अशी ठेवायची की ती चार ठिकाणी फिरलीच पाहिजे, हा कसला कारभार?

कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यातून थेट फोटो घेण्याची पद्धत आणली. तोतयेगिरी रोखायला ती उपयोगी आहे, शिवाय फोटो कापण्याची कटकटही वाचते. सहीचा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही. ती कोऱ्या कागदावर करायची, तिचा फोटो काढायचा आणि पुन्हा केबीत बसवायची. अर्जाच्या पानावरच एक चौकट, बोटाने सरकवून सही त्यात बसवायची सोय आणि मागे आपोआप लहान होणारी फाइल, एवढे काम कंत्राटात लिहून घ्यायला कुठल्याच मंडळाला अडचण नसावी.