कालपात्र आणि विश्वस्तांची मर्यादा

मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरासाठी सुमारे 1445 कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता दिली. पुढे जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत पन्हाळ्याचा समावेश झाला. पैसा आणि प्रतिष्ठा एकदम चालून आली की, सत्ताधाऱ्यांना आपल्या कारकिर्दीची खूण मागे ठेवण्याचा मोह आवरत नाही. कोनशिला हे त्या मोहाचे उघड रूप, तर प्राचीन वास्तूच्या उदरात आजचे कागद व वस्तू पुरून ठेवणे हे त्याचे अधिक प्रतिष्ठित रूप होय. वारशाच्या रक्षकांना असा अधिकार आहे काय, याचा विचार कुदळ पडण्यापूर्वीच झालेला बरा.

या देशाला हा अनुभव नवा नाही. 15 ऑगस्ट 1973 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या आवारात एक कालपात्र पुरले. स्वातंत्र्योत्तर पंचवीस वर्षांचा सरकारने लिहवून घेतलेला इतिहास त्यात होता. तो हजार वर्षांनंतरच्या पिढ्यांसाठी होता. त्या पंचवीस वर्षांत ज्यांनी घाम गाळला, त्यांच्यापासून मात्र तो झाकून ठेवण्यात आला. त्यात नेहरू-गांधी घराण्याचाच गौरव असल्याचा आक्षेप विरोधकांनी घेतला. पुढे जनता पक्षाचे सरकार आले आणि डिसेंबर 1977 मध्ये ते पात्र उकरून काढण्यात आले. पुरण्यास सुमारे आठ हजार रुपये लागले आणि उकरण्यास अठ्ठावन्न हजारांहून अधिक, असे आकडे तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

त्या सरकारात समाजवादीही होते. तेव्हा या प्रकरणाकडे केवळ काँग्रेसच्या आत्मस्तुतीचा नमुना म्हणून बोट दाखवून भागणार नाही. एका सरकारने पुरले, दुसऱ्याने उकरले. परंतु संरक्षित वास्तूच्या भूमीत सरकारने आपला मजकूर पुरावा की नाही, या मूळ प्रश्नावर कोणतेही तत्त्व प्रस्थापित झाले नाही. लेखक बदलला असता तर तोच उद्योग समर्थनीय ठरला असता काय? या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असेच असले पाहिजे.

या प्रथेचे समर्थक परंपरेचा दाखला देतात. पायाभरणीत नाणे वा धातूचा कलश ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. खुद्द कोल्हापुरात 1877 साली एका बौद्ध स्तूपाच्या अवशेषांत दगडी पेटी आणि तिच्यात स्फटिकाचा करंडक सापडला. पेटीवरील ब्राह्मी लेखात राजाचे नाव नाही. दान देणाऱ्या बम्हाचे आणि ते काम तडीस नेणाऱ्या धमगुताचे आहे. परंतु हे उदाहरण समर्थकांच्या उपयोगाचे नाही. ते निधान स्तूपाच्या उभारणीचाच भाग होते आणि ज्यांनी ते ठेवले, त्यांनीच तो स्तूप उभारला होता. स्वतःच्या घराच्या पायात नाणे घालणे वेगळे आणि सांभाळायला मिळालेल्या दुसऱ्याच्या घराची भिंत पोखरून त्यात आपली तसबीर बसविणे वेगळे.

दुसरे समर्थन इतिहासाच्या सोयीचे आहे. भावी संशोधकांना आपला काळ कळावा, असे म्हटले जाते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याच्या अगोदर तेथे सापडलेली पोसायडन या सागरदेवतेची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. रोमन जगाशी असलेला कोल्हापूरचा व्यापार त्या मूर्तीने सिद्ध केला, कारण भविष्याला काही पटवून देण्यासाठी ती कोणी तेथे ठेवली नव्हती. मातीच्या थरांची साक्ष विश्वसनीय असते, ती ते थर कोणी रचलेले नसतात म्हणून. इंग्लंडमध्ये विल्यम कनिंग्टन या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्टोनहेंजच्या एका शिळेखाली पुढच्या उत्खननकारासाठी मद्याची बाटली ठेवली. ती शंभरावर वर्षांनी सापडली. तिने कनिंग्टनचा रसिकपणा कळला, स्टोनहेंजविषयी काहीच कळले नाही.

कायदा या बाबतीत पुरेसा नाही. 1958 च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून बांधकाम वा खोदकाम करता येत नाही. पन्हाळ्यावरील सामान्य रहिवाशाला हे निर्बंध चांगलेच ठाऊक आहेत. परंतु परवानगी देणारे आणि कालपात्र पुरू इच्छिणारे एकच असतील, तर अडविणार कोण? रक्षक नेहमी विवेकाने वागतात, असेही नाही. अंबाबाई मंदिराच्या आवारातील मणिकर्णिका कुंड गेल्या शतकात बुजविले गेले; वर बाग झाली, स्वच्छतागृहही उभे राहिले. लोकांनी पाठपुरावा केल्यानंतर 2020 पासून त्याचे उत्खनन झाले. वर्तमानाने भूतकाळाच्या छातीवर बसावे, याचे याहून बोलके उदाहरण कोठे शोधावे?

आपल्या काळाची नोंद ठेवूच नये, असा याचा अर्थ नाही. ती उघड्यावर ठेवावी. कोणता दगड कधी बदलला, चुना कसा मळला, किती रुपये कोणाला दिले आणि कोणत्या पाथरवटांनी व मजुरांनी काम केले, याची संपूर्ण नोंद प्रसिद्ध व्हावी. तिच्या प्रती कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहाव्यात. बदललेल्या दगडावर दुरुस्तीचे साल कोरले, तर वास्तूवर तेवढी खूण पुरे. पुरातत्त्व खाते असो वा देवस्थान समिती, दोघेही विश्वस्त आहेत, मालक नव्हेत. ही मर्यादा आराखड्याच्या अटींतच लिहून घेण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी आताच धरला पाहिजे. ज्या राज्यकर्त्यांना आपला इतिहास हजार वर्षांनंतरच्या वाचकाला सांगावासा वाटतो, त्यांनी तो प्रथम आजच्या नागरिकापुढे वाचून दाखवावा आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.