पहिले सर्व्हिसिंग : घरी की विक्रेत्याकडे?

पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली ज्या तळेगाव दाभाड्यात निघाला, तेथे स्वावलंबनाचे माहात्म्य नव्याने सांगावयास नको. शेजारी चाकणला तर १९९९ पासून बजाजच्या मोटारसायकली तयार होत आहेत. तेव्हा नव्या गाडीचे पहिले सर्व्हिसिंग अंगणातच का करू नये, असे तरुण मंडळींनी विचारणे स्वाभाविक होय.

नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून जुळत असता धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो; म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरांनंतर तेल बदलणे अवश्य असते. शिवाय साखळीचा ताण, ब्रेक व सैल झालेले बोल्ट पाहावयाचे. काम कौशल्याचे खरे, तथापि असाध्य नव्हे.

परंतु वॉरंटी नोंदीवर चालते. पुस्तिकेतील मुदतीत अधिकृत विक्रेत्याची नोंद नसल्यास, पुढे इंजिनात दोष निघाला असता दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. पहिल्या खेपेस मजुरी बहुधा माफ असते, तेलाचे दाम तेवढे पडतात. अर्थात घरी वाचते थोडे आणि पणास लागते पुष्कळ.

सबब आमचे मत असे की, गाडी विक्रेत्याकडेच न्यावी. मात्र किल्ली देऊन परतू नये. पुस्तिका हाती धरून जवळ उभे राहावे, प्रत्येक कृती पाहावी, न समजेल ते विचारावे. साखळीचे वंगण व चाकांतील हवा घरीच पाहावी. वॉरंटी सरल्यावर तेलही खुशाल घरी बदलावे. जुने तेल तेवढे गटारात वा झाडाच्या आळ्यात ओतू नये.