परिचर्येचे शिक्षण : वेब हवे, पण वॉर्डाच्या मोबदल्यात नको

परिचर्या शिक्षणात वेब-तंत्रज्ञान आणावे की आणू नये, हा वाद आता निरर्थक आहे. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांना कुलुपे लागली तेव्हा परिस्थितीनेच तो मिटवला. खरा वाद निराळा आहे आणि तो उघडपणे फारसा कोणी घालत नाही : विद्यार्थिनीच्या वेळापत्रकातील नेमका कोणता तास या तंत्रज्ञानाने घ्यावा, व्याख्यानाचा की वॉर्डातला? ‘रुग्णशय्येजवळचे शिक्षण समृद्ध करणारे’ हे विशेषण हल्ली अशा प्रत्येक प्रणालीच्या माहितीपत्रकात झळकते. समृद्ध करायचे तर मुळात ते शिक्षण अस्तित्वात असावे लागते. ज्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा रिकाम्या आहेत, तेथे वेब समृद्ध तरी कशाला करणार?

उदाहरण म्हणून भिलाई घेऊ. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि या पोलाद कारखान्याभोवती एक अख्खे शहर वसले. त्यात विदर्भातून गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय आणि तेथील जळीत विभाग हे याच कारखान्याचे अपत्य. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागातील वायुवाहिनीचा स्फोट झाला, त्यात नऊ कामगार त्याच दिवशी गेले. होरपळलेल्या इतरांना याच रुग्णालयात आणले गेले आणि पुढे मृतांचा आकडा वाढत गेला. भिलाई-दुर्ग परिसरात परिचर्या महाविद्यालयेही अनेक आहेत. तेव्हा तेथे शिकणाऱ्या मुलीला भाजलेल्या रुग्णाबद्दल काय यायला हवे, हा प्रश्न पुस्तकी नाही.

साठ किलो वजनाचा आणि शरीराचा ३० टक्के भाग भाजलेला कामगार समोर आहे असे समजा. पार्कलंड सूत्रानुसार ४ × ६० × ३० म्हणजे ७,२०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट पहिल्या चोवीस तासांत द्यायचे, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयाच्या दारापासून नव्हे. रुग्ण दोन तासांनी पोहोचला असेल, तर ३,६०० मिलिलिटरसाठी सहाच तास उरतात. वेग ताशी ६०० लागतो. दारापासून मोजणारी विद्यार्थिनी ताशी ४५० हिशेबात धरील, आणि त्या तुटीची किंमत रुग्णाची मूत्रपिंडे मोजतील. ही चूक वेबवर शंभर वेळा करता येते. दर वेळी वजन वेगळे, भाजण्याचे प्रमाण वेगळे, पोहोचण्याची वेळ वेगळी आणि चूक तत्काळ दिसणारी. फळ्यासमोर साठ मुलींना बसवून कोणताही शिक्षक एवढा सराव देऊ शकत नाही. येथे तंत्रज्ञानाला विरोध करणे हा निव्वळ आळस आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके. जून २०१४ मध्ये याच कारखान्यात वायुगळती होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हे हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनापासून वेगळे ओळखता येत नाही. रुग्ण गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ दिसत असते. असा रुग्ण विद्यार्थिनीच्या चार वर्षांत नेमका तिच्याच पाळीत येईल, याची खात्री कोण देणार? दुर्मीळ पण प्राणघातक प्रसंग आधी आभासी रूपात भेटवणे, ही वेबची खरी शक्ती आहे.

पण सूत्र हा केवळ आरंभ असतो. ते बरोबर लागू पडले की नाही, हे लघवीवरून ठरते. प्रौढ रुग्णात किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर हे सर्वसाधारण लक्ष्य, म्हणजे आपल्या कामगाराला ताशी ३०. पहाटे तीन वाजता पिशवीत १८ दिसले, तर नळी मुडपली आहे, सलाईनचा वेग कोणी कमी केला आहे की रुग्ण खरोखरच खालावतो आहे? विजेने भाजलेल्याची लघवी गडद तांबूस झाली, तर त्याचा अर्थ काय? आणि अर्थ कळल्यावर थकून झोपलेल्या निवासी डॉक्टरांना उठवायचे धैर्य कोठून आणायचे? ते धैर्य एखाद्या अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभे राहून, तिने डॉक्टरांना उठवलेले पाहूनच येते.

भाषेचाही मुद्दा आहे. इंग्रजी ध्वनिफितीतील रुग्ण आपल्या वेदनेला दहापैकी आठ गुण देतो. छत्तीसगढी रुग्ण ‘मूड़ पिराथे’ म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. सिकलसेलचा आजार या पट्ट्यात आणि आपल्या गडचिरोली-गोंदियातही मोठा आहे. त्याच्या वेदनेचा झटका बाहेरून दिसत नाही, म्हणून त्या रुग्णावर सहज अविश्वास दाखवला जातो. परदेशी भाषांतरित मोड्यूल विकत घेण्यापेक्षा स्थानिक सिस्टर व शिक्षिकांनी आपल्या वॉर्डातील प्रसंगांवर, रुग्णाची ओळख पूर्णपणे वगळून आणि त्याची संमती घेऊन, स्वतःची वेब-प्रकरणे रचावीत. (येथे एक आगाऊ सूचना : व्हॉट्सॲप गटावर रुग्णाच्या जखमेचा फोटो टाकणे म्हणजे शिक्षण नव्हे, तो विश्वासघात आहे.)

प्रणाली विकणारे एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला हटकून देतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा परिचर्या अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांचे निम्म्यापर्यंत रुग्णालयीन तास अनुकरण-प्रशिक्षणाने भरून काढले, तरी त्यांच्या तयारीत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास खरा आहे, दाखला अर्धा आहे. ते अनुकरण प्रशिक्षित शिक्षकांनी घडवलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर ‘तू असे का केलेस’ याची कसून चर्चा होत होती. उरलेले निम्मे तास खऱ्या रुग्णांजवळच गेले होते. ध्वनिचित्रफीत पाहून पाच बहुपर्यायी प्रश्न सोडवणे म्हणजे अनुकरण नव्हे. चर्चा घेणारा शिक्षक नसेल, तर तो अभ्यास आपल्याला काहीही सांगत नाही.

ही शंका अवास्तव वाटत असेल, तर शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. तेथील परिचर्या महाविद्यालयांची तपासणी उच्च न्यायालयाला सीबीआयकडे सोपवावी लागली. २०२४ मध्ये साठहून अधिक महाविद्यालये अपात्र ठरली. पुढे अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने स्वतःच्याच अधिकाऱ्याला अटक केली! ज्या व्यवस्थेत कागदावर रुग्णालय उभे राहू शकते, तेथे सर्व्हरवर वॉर्ड उभा करणे किती सोपे आहे? लॉगबुकातील खोटी सही निदान हाताने करावी लागते. संगणकीय तास एका कळीसरशी भरतात. उलट एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून काढण्याचा निर्णय घेतला. त्यामागचे तर्कशास्त्र रास्त आहे : जेथे रुग्ण आहेत, तेथे शाळा.

म्हणून मागणी साधी आहे. वेबवरील तास व्याख्यानांच्या खात्यात मोजावेत, रुग्णालयीन तासांच्या खात्यात नव्हे. वाचलेली व्याख्याने वॉर्डाला द्यावीत आणि विद्यार्थिनीसोबत शिक्षिकाही वॉर्डात जावी. मान्यता देणाऱ्या निरीक्षण समितीने संगणककक्ष दुपारी खुशाल पाहावा, पण एखाद्या रात्रपाळीत न कळवता वॉर्डात जाऊन तेथील मुलीला विचारावे : या पिशवीत गेल्या तासाभरात किती लघवी जमा झाली, आणि तू ते कोणाला कळवलेस?