वैशाखातली धम्मयात्रा आणि पाण्याचा हिशेब



आमच्या जासईत बुद्धविहारात यात्रेची बैठक भरली की हिशेबाची वही उघडते. रेल्वेचं भाडं, मुक्काम, दान, बॅनर, जेवण, सगळं लिहिलं जातं. पाण्याचा रकाना मात्र नसतो. "पाणी काय, ज्याचं त्यानं घ्यावं," असं म्हणून बैठक उठते. माझं म्हणणं असं की, वैशाख पौर्णिमेला बुद्धगयेला किंवा कुशीनगरला जायचं असेल, तर त्या वहीची पहिली ओळ पाण्याची असली पाहिजे.

आपण खाडीकाठची माणसं. आपल्याकडं उकाडा म्हणजे घाम. अंगावरून धारा लागल्या की आपण पाणी पितो, सावलीला बसतो. कल्याणहून गाडी कसारा घाट चढून भुसावळ, इटारसी, जबलपूरकडं लागली की हवा कोरडी होते. तिथं घाम येतो, पण अंगावर दिसत नाही, लगेच वाळून जातो. आपल्याला वाटतं, इथं तर घामच नाही, आपल्यापेक्षा बरं आहे. फसगत होते ती इथंच. शरीरातलं पाणी आणि मीठ जातच असतं. म्हणून तिकडं घामावर जाऊ नका, तहानेची वाटही बघू नका. लघवीचा रंग बघा. फिकट असेल तर ठीक. गर्द पिवळी, थोडी थोडी होत असेल, तर पाणी कमी पडतंय.

हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची मोजणीही जागेप्रमाणं बदलते. किनाऱ्यावर ३७ अंशांपासून, तर मैदानी मुलखात ४० अंशांपासून लाटेचा विचार सुरू होतो. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आपली यात्रा तेवढ्यात संपलेलीही असते. म्हणजे आपण पूर्ण यात्रा बिनसवयीच्या अंगानं करतो. २०१९च्या जूनमध्ये गया, औरंगाबाद, नवादा या बिहारच्या जिल्ह्यांत उष्माघातानं कितीतरी माणसं दगावली. ती तर तिथलीच, त्या उन्हात वाढलेली माणसं होती. आणि लांब कशाला? १६ एप्रिल २०२३ला आपल्या शेजारच्या खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर सरकारी आकड्याप्रमाणं १४ जणांचा जीव गेला.

"श्रद्धा असली की ऊन बाधत नाही," असं आपल्यातलेही काही जण म्हणतात. हे धम्माला धरून नाही. शेवटच्या प्रवासात, कुशीनगरच्या वाटेवर, थकलेले तथागत झाडाखाली बसले आणि त्यांनी आनंदाकडं पाणी मागितलं. गाड्या गेल्यानं ओढा गढूळ झालाय, असं आनंद म्हणाला. तरी त्यांनी तीनदा मागितलं. तहान लपवण्यात त्यांना मोठेपणा वाटला नाही. भिक्खूंच्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळायचं साधन असतं, तेही उगीच नाही.

आता आपल्या बायांबद्दल. प्रवासात बाई पाणी पीत नाही. का? तर मोरी कुठं मिळेल याची खात्री नसते. सकाळपासून ओठ ओले करून दिवस काढणाऱ्या कितीजणी मी पाहिल्या आहेत. चक्कर आली की "उपाशी होती" म्हणतात. ही तिची चूक नाही, नियोजनाची आहे. दर दोन तासांनी, स्वच्छ संडास असलेल्या ठिकाणी गाडी थांबवणं हे आयोजकांचं काम आहे. २० मार्च १९२७ला महाडात बाबासाहेबांनी ज्या पाण्याचा हक्क मिळवून दिला, ते पाणी आपल्या आया-बहिणींना यात्रेत सुखानं पिता येऊ नये, हे आपल्याला शोभत नाही.

काही जण म्हणतील, मग यात्रा डिसेंबर-जानेवारीत काढा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर मीही तेच म्हणेन. पण मुलांची सुट्टी मे महिन्यात, कंपनीतली रजाही तेव्हाच, आणि पौर्णिमेचं मोल वेगळं. जायचंच असेल, तर एवढं ठरवून जा.

दर्शन आणि चालणं सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी. दुपारी सावलीत मुक्काम. अंगात सैल सुती कपडे, डोक्यावर ओला गमछा. उन्हात चालताना दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, कमी-जास्त नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घरचं कोकमाचं आगळ न्या, तिकडं सत्तूचं सरबत मिळतं तेही चांगलं. पाणी मात्र खात्रीचं हवं. कापून ठेवलेली फळं आणि सकाळचा भात दुपारी नको. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळी मनानं बंद करू नका. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर पाणी-मीठ किती घ्यायचं तेही विचारून घ्या.

डोकं दुखलं, मळमळलं, पायात गोळे आले की थांबा, सावलीत आडवं व्हा, पाणी घ्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. आधी १०८ किंवा ११२ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं कामाची नाही.

पुढच्या बैठकीत कुणीतरी उभं राहून विचारा, "पाण्याला किती धरले?" बॅनर थोडा लहान झाला तरी चालेल. गेलेली सगळी माणसं घरी परत आली पाहिजेत.