गोंडी शिकवणारे अ‍ॅप हवे: बालाघाटकरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, जनजातीय कार्य मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
(मा. जिल्हाधिकारी, बालाघाट यांच्यामार्फत)

विषय: गोंडी वाचायला आणि बोलायला शिकवणारे अ‍ॅप तयार करण्याबाबत.

महोदय,

बालाघाट जिल्ह्यात गोंडी शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि घरी बोलणाऱ्या लोकांची आमची संघटना आहे. 1956 पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. वाटणीत राज्ये वेगळी झाली, सोयरिकी तुटल्या नाहीत. गोंदिया-गडचिरोलीकडच्या आपल्या माणसांनाही हे वाचता यावे, म्हणून हे मागणीपत्र मराठीतही काढत आहोत.

2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 29 लाख 84 हजार होते. गोंड समाजाची संख्या मात्र एक कोटीच्या वर होती. म्हणजे बहुतेक घरांत भाषा मधल्या पिढीतच थांबली आहे.

1 सप्टेंबर 2025 रोजी मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे अ‍ॅप चाचणी स्वरूपात खुले केले. संताली, भिली आणि मुंडारीच्या बरोबरीने त्यात गोंडी आहे. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. पण भाषांतर करून देणे वेगळे आणि भाषा शिकवणे वेगळे. गावात आलेल्या डॉक्टरला किंवा तलाठ्याला दुभाषा पुरतो. आजीची भाषा ज्याच्यापर्यंत पोचलीच नाही, त्या नातवाला शिक्षक लागतो.

बैहरकडच्या आमच्या एका सभासदाची मुलगी फोनवरच्या एका अ‍ॅपमधून गोंडी शब्द पाठ करत होती. मिठाला अ‍ॅपने ‘होवर’ म्हटले. चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, “आपल्यात सोवर म्हणतात, बाई.” मुलीने फोन पुढे केला, “पण यात असंच आहे.” आजी गप्प झाली. खरे तर दोघीही बरोबर होत्या. उत्तर-पश्चिमेच्या गोंडीतला ‘स’ दक्षिणेकडे ‘ह’ होतो आणि आणखी पुढे गळून जातो: सोवर, होवर, ओवर. एवढी एक ओळ त्या अ‍ॅपमध्ये असती, तर आजीला आपल्याच चुलीपाशी खोटे पडावे लागले नसते.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. ‘आदि वाणी’ला जोडून गोंडीचे क्रमवार धडे द्यावेत. सुरुवात उंडी, रंड, मुंड या अंकांपासून आणि घर, शेत, बाजारातल्या बोलण्यापासून व्हावी. नवाहो आणि हवाईयन शिकवणारे अभ्यासक्रम ड्युओलिंगोवर 2018 पासून आहेत. लहान भाषांना हे जमत नाही, असे आता कोणी म्हणू नये.

2. प्रत्येक शब्दाला त्या-त्या भागातल्या माणसाचा आवाज असावा आणि तो कोणत्या भागाचा, हे पडद्यावर दिसावे. यंत्राने घडवलेला आवाज शिकवण्यासाठी वापरू नये.

3. वाचनाचे धडे देवनागरीबरोबर मसराम गोंडी लिपीतही असावेत. ही लिपी आमच्याच जिल्ह्यातल्या मुन्शी मंगल सिंह मसराम यांनी 1918 साली घडवली. 2017 मध्ये ती युनिकोडमध्ये आली, पुढच्या वर्षी गुंजाला गोंडी ही दुसरी लिपीही आली. फाँटसुद्धा आहेत. तरी आमच्या मुलांच्या जुन्या फोनवर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. फाँट आणि कळफलक अ‍ॅपमध्येच अंतर्भूत करावेत.

4. अ‍ॅप नेटवर्कशिवाय, साध्या फोनवर चालावे. जंगलातल्या गावांत रेंज नसते. एकदा बाजाराच्या दिवशी उतरवून घेतलेला धडा आठवडाभर चालला पाहिजे.

5. आवाज नोंदवण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, सांगणाऱ्याला मानधन द्यावे आणि तो साठा समाजाच्या परवानगीशिवाय कोणत्याही कंपनीला देऊ नये. न्यूझीलंडमधल्या ‘ते हिकू मीडिया’ने माओरी आवाजांच्या साठ्यासाठी असाच परवाना केला आहे. मध्य प्रदेशात 2022 पासून ग्रामसभांना अधिकार देणारे पेसा नियम लागू आहेत आणि बैहर अनुसूचित क्षेत्रात येते. ग्रामसभेला विचारण्याची वाट इथे आधीच आहे.

6. अ‍ॅपच्या जोडीला प्राथमिक शाळेत गोंडी जाणणारी व्यक्ती मानधनावर नेमावी. भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करून देण्याचा प्रयत्न करावा, अशी जबाबदारी घटनेचे कलम 350 क 1956 पासून राज्यांवर टाकते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःच्या बळावर गोंडीतून शाळा सुरू केली. गाव जे करू शकते, ते सरकारला अवघड नाही.

यातली पहिली मागणी मान्य होण्याची वाट न पाहता दुसरीचे काम आजच सुरू करावे, ही विशेष विनंती. धडे पुढच्या वर्षीही लिहिता येतील. चुलीपाशी बसून ‘सोवर’ म्हणणारा आवाज आज आहे, तो आजच नोंदवायला हवा.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
बालाघाट, मध्य प्रदेश