पंचाला बूट टाइम नव्हता

बेस्टच्या कंडक्टरकडे पूर्वी तिकिटांची पेटी आणि पंच असायचा. बूट टाइम शून्य! आता हातात मशीन असतं. समजा, गच्च भरलेल्या बसमध्ये ते रीस्टार्ट करावं लागलं, तर लालबागला चढलेला माणूस तिकिटाविना परळला उतरूनही जाईल.

यावर आपल्या जमातीचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "प्रोसेसर वाढवा." मला नाही पटत. बराचसा वेळ कामात नाही, वाट बघण्यात जातो. यू-बूट हा बूटलोडर कुणी कळ दाबतंय का, हे बघत डीफॉल्ट २ सेकंद थांबतो. मग लिनक्स कर्नल सिरियल पोर्टवर आपलं पुराण सांगतो. १,१५,२०० बॉड रेटला सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरं जातात. म्हणजे ३०,००० अक्षरांच्या लॉगला अडीच सेकंदांहून जास्त. बसमध्ये तो वाचतंय कोण? कर्नलला 'क्वाएट' सांगा, सुटलात! नेटवर्कही तिकीट छापल्यावर सावकाश येऊ दे की.

२००८ साली आर्यन व्हॅन द व्हेन आणि औके कॉक या इंटेलच्या इंजिनिअरांनी छोटासा ईईई पीसी ५ सेकंदांत बूट करून दाखवला. त्यांनी आधी बजेट ठरवलं, कर्नलला १ सेकंद वगैरे, आणि मग प्रत्येकाला त्यात बसवलं. पगार पुरवणाऱ्या कुठल्याही घरात हेच चालतं, नाही का?

आणि हो, लोगो लवकर झळकवून "बूट झालं" म्हणणं ही शुद्ध धूळफेक आहे. घड्याळ पहिलं तिकीट हातात पडल्यावरच थांबवायचं.